१०८ नाही, १०० मण्यांची माळ: पावलं मोजून तिबेटचा नकाशा काढणारे नैन सिंग रावत

जपमाळेत किती मणी असतात? बहुतेकांना उत्तर माहीत असतं, १०८. हिंदूंच्या माळेत तेवढे आणि तिबेटी बौद्धांच्या माळेतही तेवढेच. १८६५ साली तिबेटच्या वाटेला लागलेल्या एका प्रवाशाच्या माळेत मात्र १०० मणी होते. आठ कमी. वाटेतल्या एखाद्या अधिकाऱ्याने ती माळ हातात घेऊन मोजली असती, तर त्या प्रवाशाचा जीवही गेला असता.

कुणी मोजली नाही. तो माणूस चालत राहिला. दर १०० पावलांना एक मणी मागे सरकत होता. माळ पूर्ण झाली की १०,००० पावलं, म्हणजे ५ मैल. देवाचं नाव घेत चाललेला वाटणारा हा माणूस प्रत्यक्षात जमीन मोजत होता. त्याचं नाव नैन सिंग रावत. जगाच्या नकाशावर ल्हासा नेमकं कुठे आहे, हे पहिल्यांदा खात्रीने सांगता आलं ते त्यांच्या नोंदींमुळे.

एव्हरेस्टची उंची माहीत होती, पलीकडचा रस्ता नाही

ब्रिटिशांनी १८०२ साली मद्रासजवळून भारताची मोजणी सुरू केली. त्रिकोणांचं एक जाळं टाकत टाकत ती उत्तरेकडे सरकत गेली. हे काम सुरू करणारे विल्यम लॅम्ब्टन यांचा मृत्यू १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला झाला आणि तिथेच त्यांची कबर आहे. (हिंगणघाटच्या किती लोकांना हे माहीत असेल, हा वेगळा प्रश्न.) त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट आले. पुढे १८५६ मध्ये राधानाथ सिकदार आणि इतरांच्या गणितावरून जगातल्या सर्वांत उंच शिखराची उंची २९,००२ फूट असल्याचं जाहीर झालं.

शिखर लांबून मोजता येतं. दोन ठिकाणांवरून दुर्बीण लावली, कोन घेतले की उरलेलं गणित कागदावर होतं. पण शिखराच्या पलीकडे काय आहे, नदी कुठे वळते, गाव किती दिवसांवर आहे, खिंड किती उंच आहे, हे लांबून दिसत नाही. तिथे जावं लागतं. आणि तिबेटमध्ये युरोपियन माणसाला प्रवेशच नव्हता. चोरून आत जाण्याची किंमत काय असते, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. अॅडॉल्फ श्लागिंटवाइट हा जर्मन संशोधक १८५७ मध्ये काश्गरपर्यंत पोहोचला आणि तिथे त्याचं डोकं उडवण्यात आलं.

यावर मार्ग सुचवला थॉमस माँटगोमरी या अधिकाऱ्याने. काराकोरममधल्या शिखरांना के-वन, के-टू अशी तात्पुरती नावं देणारा हाच. त्यातलं ‘के-टू’ आजही टिकून आहे. काश्मीरची मोजणी करताना त्याच्या लक्षात आलं, की लडाखहून यारकंदला भारतीय व्यापारी बिनदिक्कत ये-जा करतात, त्यांना कुणी अडवत नाही. मग त्यांच्यातल्याच कुणाला तरी मोजणी शिकवून पाठवलं तर? १८६३ मध्ये मोहम्मद-ई-हमीद नावाचा मुन्शी असा पहिल्यांदा यारकंदला गेला. काम फत्ते झालं, पण परतीच्या वाटेवर हमीद मरण पावला. त्याच्या नोंदी तेवढ्या परत आल्या. कल्पना चालते, एवढं माँटगोमरीला कळलं. आता त्याला हवी होती नवी माणसं.

मिलमचे मास्तर

कुमाऊँमध्ये, आजच्या उत्तराखंडच्या पिथौरागढ जिल्ह्यात, जोहार नावाचं खोरं आहे. त्याच्या अगदी वरच्या टोकाला, हिमनदीच्या तोंडाशी मिलम हे गाव. इथल्या शौका लोकांचं आयुष्य तिबेटच्या व्यापारावर चालायचं. इकडून धान्य जायचं, तिकडून मीठ आणि लोकर यायची. त्यामुळे तिबेटी भाषा, तिबेटी रीतिरिवाज आणि १७-१८ हजार फुटांवरच्या खिंडी त्यांना घरच्यासारख्या होत्या. १८३० मध्ये जन्मलेले नैन सिंग याच समाजातले.

पंचविशीत त्यांना श्लागिंटवाइट बंधूंकडे काम मिळालं. हो, ज्यांच्यातला एक भाऊ पुढे काश्गरला मारला गेला, तेच हे बंधू. त्यांच्याबरोबर नैन सिंग मानसरोवर आणि लडाखच्या भागात फिरले, उपकरणं हाताळायला शिकले. मग गावी परत येऊन शाळेत मास्तर झाले. गावाकडे मास्तरांना ‘पंडित’ म्हणायचे. ही साधी हाक पुढे त्यांची ओळख बनली आणि नंतर अशा सगळ्याच गुप्त मोजणीदारांना ‘पंडित’ म्हणायची पद्धत पडली.

कुमाऊँच्या शिक्षण खात्यातले अधिकारी एडमंड स्मिथ यांनी माँटगोमरीला दोन नावं सुचवली. नैन सिंग आणि त्यांचे चुलतभाऊ मणी सिंग. १८६३ मध्ये दोघे डेहराडूनला गेले आणि दोन वर्षं शिकत राहिले.

पाऊल म्हणजे मोजपट्टी

आज मोबाइल खिशात असला की दिवसभरातली पावलं आपोआप मोजली जातात आणि १०,००० झाली की आपण स्क्रीनशॉट टाकतो. नैन सिंग यांना शिकवलं गेलं ते याच्या बरोबर उलट. पावलं तर मोजायचीच, पण प्रत्येक पाऊल सारखंच पडलं पाहिजे. चढ असो, उतार असो, बर्फ असो, मैलाला पावलं २,०००च. म्हणजे एक पाऊल साधारण ८० सेंटिमीटरचं. चढावर आपण नकळत छोटी पावलं टाकतो आणि उतारावर ढांगा. ती सवय मोडायला सराव लागतो, आणि तो त्यांच्याकडून करून घेतला गेला.

अंतर कळलं तरी दिशा हवी. त्यासाठी होकायंत्र होतं. तिबेटी यात्रेकरूंच्या हातात फिरतं प्रार्थनाचक्र असतं आणि त्याच्या आत मंत्र लिहिलेल्या कागदाची गुंडाळी असते. पंडितांच्या चक्रात मंत्रांऐवजी कोरे कागद होते. दिशा आणि पावलांचे आकडे त्यांवर लिहिले जायचे. कुणी जवळ येताना दिसलं की चक्र फिरवायचं आणि पुटपुटायला लागायचं. जप करणाऱ्या माणसाला मध्येच कुणी टोकत नाही. पुढे काफिल्याबरोबर चालतानाही नैन सिंग थोडे बाजूला राहून चालायचे, आणि लोकांना त्यात भक्ती दिसायची.

खरी करामत मात्र पाऱ्याची. एखादी जागा उत्तरेकडे किती आहे, म्हणजे तिचा अक्षांश किती, हे ताऱ्यांवरून कळतं. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितका त्या जागेचा अक्षांश. पण डोंगरात क्षितिज दिसणार कुठे? त्यावर उपाय असा, की भांड्यात पारा ओतायचा. तो आरशासारखा सपाट होतो. मग तारा आणि पाऱ्यातलं त्याचं प्रतिबिंब यांच्यातला कोन सेक्स्टंटने मोजायचा आणि निम्मा करायचा. सेक्स्टंट पेटीच्या चोरकप्प्यात असायचा. पारा होता कवड्यांमध्ये, मेणाने बंद केलेला. आणि तो ओतायला यात्रेकरूचा लाकडी वाडगा, ज्यात दिवसा चहा प्यायचा.

उंची मोजायला थर्मामीटर. उंचावर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं. दर ३०० मीटरला साधारण एक अंशाने कमी. ल्हासात ते ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे रात्री चहाचं आधण ठेवलं की मोजणी करायची सोय झाली.

पण एका गोष्टीला तारे उपयोगी पडत नाहीत. पूर्व-पश्चिम अंतर, म्हणजे रेखांश. तो काढायला अचूक चालणारं घड्याळ लागतं, आणि महिनोन्‌महिने असा प्रवास करूनही अचूक राहील असं घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं. मानसरोवर ते ल्हासा ही वाट तर पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी. म्हणजे अक्षांश चुकला तर तारे चूक दाखवून देणार, पण पावलांचा हिशेब चुकला तर तपासायला दुसरं काहीच नाही. नकाशावर ल्हासा पूर्वेला सरकणार की पश्चिमेला, हे १०० मण्यांच्या त्या माळेवर ठरणार होतं.

आणि इथेच या सगळ्या प्रशिक्षणातली एक खटकणारी गोष्ट येते. नोंदी कशा घ्यायच्या, हे पंडितांना बारकाईने शिकवलं गेलं. त्या नोंदींवरून अंतिम आकडा कसा काढायचा, ते मात्र मुद्दाम शिकवलं नाही. का? गणित येत असेल तर माणूस घरी बसून खोट्या नोंदी तयार करेल, ही भीती. ज्याच्या एकेका पावलावर नकाशा उभा राहणार होता, त्याच्यावर एवढाही विश्वास नव्हता.

‘ल्हासाला गेलो तर जीव द्यायला तयार’

१८६५ च्या सुरुवातीला दोघे भाऊ काठमांडूमार्गे निघाले. केरुंगच्या सीमेवर तिबेटी अधिकाऱ्यांना संशय आला आणि त्यांनी परत पाठवलं. मणी सिंग माघारी फिरले आणि पश्चिम नेपाळची मोजणी करत घरी पोहोचले. नैन सिंग यांनी हार मानली नाही. वेणी लावून, लडाखी व्यापाऱ्याचं सोंग घेऊन त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. यंदा ल्हासाला जाणार नाही, गेलो तर जीव घ्या, असं त्यांना केरुंगच्या अधिकाऱ्याला लिहून द्यावं लागलं होतं. शेवटी दुसऱ्याच वाटेने ते तिबेटमध्ये शिरले आणि ल्हासाकडे निघालेल्या लडाखी व्यापाऱ्यांच्या काफिल्यात सामील झाले.

वाटेत शिगात्सेजवळ ताशिल्हुन्पो हा मोठा मठ लागतो. बरोबरचे सगळे पंचेन लामांच्या दर्शनाला गेले. नैन सिंग यांनाही जावं लागलं. पंचेन लामांना समोरच्याच्या मनातलं कळतं, असं लोक मानत. खोट्या नावाने, खोट्या माळेनिशी आलेल्या माणसाची अवस्था काय झाली असेल, विचार करा. समोर बसला होता जेमतेम ११ वर्षांचा मुलगा. त्याने ठरलेले तीन प्रश्न विचारले. तुमचा राजा ठीक आहे ना, देश सुखात आहे ना, तुमची तब्येत बरी आहे ना. झालं, सुटका.

१० जानेवारी १८६६ ला ते ल्हासाला पोहोचले आणि तीन महिन्यांहून जास्त तिथे राहिले. पैसे संपत आले तेव्हा मास्तरकी कामाला आली. नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब लिहायला शिकवून त्यांनी दिवस काढले. रात्री गुपचूप तारे मोजायचे. ल्हासाचा अक्षांश त्यांच्या नोंदींवरून २९ अंश ३९ मिनिटं निघाला. आज नकाशात पाहिलंत तरी तोच सापडेल.

दोन काश्मिरी मुस्लिम व्यापाऱ्यांनी मात्र त्यांना ओळखलं. तोंड उघडलं असतं तर खेळ खलास. त्यांनी तसं केलं नाही. उलट घड्याळ गहाण ठेवून घेऊन थोडे पैसे उसने दिले. याच काळात परवानगीशिवाय ल्हासात आलेल्या एका चिनी माणसाचा भर चौकात शिरच्छेद झालेला नैन सिंग यांनी पाहिला. आणि एक दिवस रस्त्यावर त्यांना कोण दिसावं, तर केरुंगचा तोच अधिकारी, ज्याला लिहून दिलं होतं! त्यानंतर ते बाहेर फारसे फिरले नाहीत. एप्रिलमध्ये जाणारा काफिला मिळाला आणि ते निघाले.

परतताना सांगपो नदीच्या काठाकाठाने मानसरोवरपर्यंत आणि तिथून भारतात. ऑक्टोबर १८६६ मध्ये ते डेहराडूनला पोहोचले. काठमांडू ते ल्हासा ते मानसरोवर, सुमारे १,२०० मैल. मैलाला २,००० पावलं धरली तर २४ लाख. सांगपोचा सुमारे ६०० मैलांचा प्रवाह नकाशावर आला. हीच नदी पुढे ब्रह्मपुत्रा होते का, या जुन्या वादात पहिल्यांदाच हातात काहीतरी ठोस मिळालं.

त्याचं शेवटचं उत्तर शोधायला पुढे किंथूप नावाचा सिक्कीमचा एक शिंपी गेला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून बरोबर एक लामा दिला होता. त्या लामाने त्याला वाटेतच गुलाम म्हणून विकून टाकलं. किंथूप पळाला, पुन्हा अडकला, पण ठरलेले ५०० खुणेचे ओंडके नदीत सोडूनच परतला. खाली आसाममध्ये ओंडके वाहत येतात का, हे बघायला तेव्हा कुणीच नव्हतं. त्याने पाठवलेला निरोप वेळेत पोहोचलाच नव्हता. ही गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे, इथे एवढंच.

मेंढ्या घेऊन शेवटचा प्रवास

१८६७ मध्ये नैन सिंग पश्चिम तिबेटमधल्या ठोक जालुंगच्या सोन्याच्या खाणींपर्यंत जाऊन आले. जवळपास ५,००० मीटर उंचीवर, बोचऱ्या वाऱ्यापासून वाचायला खड्ड्यात तंबू ठोकून लोक तिथे सोनं काढायचे. आणि गंमत म्हणजे उन्हाळ्यापेक्षा थंडीत जास्त, कारण गोठलेली माती ढासळत नाही.

सगळ्यात अवघड प्रवास मात्र शेवटचा. जुलै १८७४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, ते लामाच्या वेशात लेहहून निघाले. सामान मेंढ्यांच्या पाठीवर. यावेळी वाट आणखी उत्तरेची, ओसाड पठारावरून जाणारी. नोव्हेंबरमध्ये ल्हासा आलं आणि तिथे त्यांना ओळखणारा लेहचा एक व्यापारी दिसला. तेव्हा त्यांनी काय केलं, तर आतापर्यंतच्या सगळ्या नोंदी बरोबरच्या दोन माणसांकडे देऊन त्यांना लेहला परत पाठवलं. आपण पकडले गेलो तरी आकडे पोहोचले पाहिजेत. स्वतः दोनच दिवसांत शहर सोडलं. यात्रेला उत्तरेकडे चाललो असं सांगितलं आणि दक्षिणेची वाट धरली. पुढे तवांगला त्यांना जवळपास दोन महिने अडकवून ठेवलं. १ मार्च १८७५ ला ते आसाममधल्या उदलगुडीला उतरले. तोवर तब्येत ढासळली होती आणि डोळे अधू झाले होते. त्यानंतर ते मोहिमेवर गेले नाहीत, नव्या माणसांना तयार करत राहिले. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांपैकी त्यांचेच भाऊबंद किशन सिंग पुढे ‘ए. के.’ या सांकेतिक नावाने गाजले.

नावाच्या जागी नुसतं ‘पंडित’

ल्हासाच्या प्रवासाचा अहवाल लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८६८ साली छापला गेला. लेखक म्हणून नाव माँटगोमरीचं. शीर्षकात मोजणी करणाऱ्याचा उल्लेख फक्त ‘पंडित’. सुरक्षेसाठी नाव लपवलं, हे कारण पटण्यासारखंच आहे. पण त्याच अहवालात प्रार्थनाचक्र आणि माळेची युक्ती मात्र सविस्तर सांगितली होती, आणि तेव्हा पंडितांचे प्रवास अजून सुरूच होते! लपवायचं होतं ते नेमकं काय, असा प्रश्न वाचताना पडतोच.

नाव उघड झालं ते प्रवास थांबल्यावर. १८७७ मध्ये याच सोसायटीने नैन सिंग यांना सुवर्णपदक दिलं. ते लंडनला गेले नव्हते, त्यांच्या वतीने कर्नल हेन्री यूल यांनी ते स्वीकारलं. आपल्या काळात आशियाच्या नकाशात इतकी भर दुसऱ्या कुणा एकट्या माणसाने घातलेली नाही, या अर्थाचे शब्द यूल यांनी वापरले. पॅरिसच्या भूगोल संस्थेने सोन्याचं घड्याळ दिलं. ब्रिटिश सरकारने रोहिलखंडात जमीन आणि सी.आय.ई. हा किताब दिला.

मग ते हेर होते का? तिबेटच्या बाजूने पाहिलं तर होतेच. दुसऱ्याच्या देशात खोट्या वेशात शिरून त्यांनी माहिती आणली, आणि ती माहिती साम्राज्याच्या कामाची होती. १९०४ मध्ये ब्रिटिश फौज ल्हासात शिरली, तोवर तिथल्या वाटांचे नकाशे त्यांच्याकडे तयार होते. पण त्यांना नुसतं हेर म्हणणंही अपुरं आहे. डेहराडूनला ज्यांना गणित शिकवायचं टाळलं गेलं, त्याच नैन सिंग यांनी पुढे ‘अक्षांश दर्पण’ हे मोजणीशास्त्रावरचं पुस्तक लिहिलं. तेही हिंदीत, म्हणजे आपल्याकडच्या पोरांना वाचता येईल अशा भाषेत.

२००४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. २१ ऑक्टोबर २०१७ ला, त्यांच्या १८७ व्या जयंतीला, गूगलने डूडल केलं. हातात माळ घेतलेला, डोंगराकडे बघणारा एक एकटा माणूस. त्या दिवशी अनेकांनी हे नाव पहिल्यांदा सर्च केलं.

मिलम आजही आहे. १९६२ च्या युद्धानंतर तिबेटचा व्यापार थांबला आणि गावाचं पोटच गेलं. लोक खाली मुनस्यारीकडे आणि त्याहूनही लांब निघून गेले. बरीचशी दगडी घरं पडली. उन्हाळ्यात मोजकी कुटुंबं वर येतात, बटाटे लावतात, ट्रेकर्सना राहायला जागा देतात आणि बर्फ पडायच्या आत खाली उतरतात. गावामागून खिंडींकडे जाणारी वाट अजून आहे. पण सीमेपलीकडे मीठ आणायला त्या वाटेने आता कुणी जात नाही.